सहाव्या मजल्यावरचा दाणा

आमच्या बिल्डिंगमध्ये दोन पेंटर राहायचे. एक मी, दुसरा तो. सातव्या मजल्यावर, दाराला दार लागून. वॉचमनला कुणी विचारलं, "पेंटर किधर रहता है?" तर तो बोट वर करायचा, "सातवां माला," आणि परत खुर्चीत टेकायचा. कोणता पेंटर, हे विचारणं त्याच्या ड्यूटीत येत नव्हतं.

त्यामुळे व्हायचं काय, की शहरातून आलेली, झब्बा घातलेली माणसं माझी बेल वाजवायची आणि विचारायची, "तुमचा लाइटचा अभ्यास कुणाकडे झाला?" मी सांगायचो, लाइटचं काम आपण करत नाही, त्याला वायरमन बघा. आणि ज्यांना दिवाळीच्या आधी घर रंगवून पाहिजे असायचं, ती माणसं त्याच्याकडे जायची.

एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती बेन त्याच्याकडे गेल्या. "भाई, किचन करना है. कितना दिन लेगा?" हा माणूस चपला घालून त्यांच्याबरोबर खाली गेला. किचनमध्ये पाऊण तास उभा राहिला. बेननी चहा दिला, तो प्याला. मग म्हणाला, "इसको हाथ मत लगाओ. बाहर के पेड का हरा अंदर आता है. सुबह देखना, सिंक के ऊपर. नया रंग मारोगे तो वो चला जाएगा."

बेनना ते पटलं. तीन वर्षं त्यांनी किचन रंगवलं नाही. ते माझं गिऱ्हाईक होतं.

मी जाऊन विचारलं, "मास्तर, हा काय प्रकार?"

"काका, तुम्ही एकदा सकाळी साडेआठला जाऊन बघा तर."

"मी लोकांकडे बघायला जात नाही. रंगवायला जातो."

"हो ना," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं. उद्धटपणानं नाही. त्याच्या कढईत काहीतरी करपत होतं.

मास्तर म्हणायचं कारण, तो आधी शाळेत चित्रकला शिकवायचा. नोकरी सोडून दिली. का सोडली विचारलं तर सांगायचा, "मुलं आकाश निळं काढायची. मी म्हणायचो, बाहेर जाऊन बघून या. बघून यायची आणि परत निळंच काढायची. हेडमास्तर म्हणाले, निळ्यालाच मार्क आहेत." एवढंच. पुढे काही नाही. बायकामुलं नव्हती. वय पंचावन्नच्या आसपास असेल. उंच, थोडा वाकलेला, आणि सगळ्या शर्टांच्या उजव्या बाहीला कोपरापर्यंत रंग. धुवून निघणारा नव्हे. मी बघितल्या बघितल्या सांगितलं असतं, ऑइल आहे, गेला शर्ट.

तो तेलरंगात चित्रं काढायचा. आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगी, भाईंदरची खाडी, चेण्याचे डोंगर, तारोडीचा किनारा. लोक म्हणायचे, काश्मीरला जा, तिकडे किती छान सीन आहेत. तो म्हणायचा, "मी तिकडे जाईन आणि इथे समोरच्या गॅलरीत काहीतरी होऊन जाईल." समोरच्या गॅलरीत काय होणार होतं? चादरी वाळत असायच्या.

आता माझं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी चौथी पास. लालबागहून इकडे आलो तेव्हा सिल्व्हर पार्कच्या आसपास बिल्डिंगी उभ्या राहत होत्या, त्यातल्या निम्म्यांना माझा हात लागलाय. आमच्या धंद्यात रंगाच्या थराला हातच म्हणतात. पहिला हात, दुसरा हात. भिंतीचे खड्डे लांबीनं, म्हणजे पुट्टीनं, बुजवायचे, काचकागदानं घासायचं, मग दोन हात मारायचे. घासून झालं की मी दिवा भिंतीला चिकटवून आडवा धरायचो. आडव्या उजेडात मोहरीएवढा दाणा राहिला असला तरी त्याची सावली पडते. दाणा दिसला की खरवडायच्या पत्र्यानं उडवायचा आणि परत घासायचं. बोट फिरवलं तर काचेवरून फिरवल्यासारखं वाटलं पाहिजे. माझ्या भिंतीत दाणा सापडला असं सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

आणि त्याच्या चित्रात दाण्याशिवाय दुसरं काही नव्हतं.

पहिल्यांदा त्यानं मला घरात बोलावून चित्र दाखवलं तेव्हा मी सवयीनं नाक लावून बघितलं. रंग नुसता थापलेला. कुठे हरभऱ्याएवढा गोळा, कुठे ब्रशाचे केस चिकटलेले, कुठे खालचं कापड उघडं. मी म्हटलं, "प्रायमर चांगला बसलाय. फिनिशिंग कधी करणार?"

"झालंय, काका."

माणसाचं काम वाईट असलं तरी त्याच्या घरात उभं राहून बोलू नये. आमची ही दारातच उभी होती, चहाचा कप परत न्यायला आलेली. ती तिथूनच म्हणाली, "अगोबाई, हे आपल्या समोरचं मेडिकल! आणि हे पाऊस पडून गेल्यावरचं आहे, होय की नाही?"

"बरोबर," मास्तर म्हणाला. "दहा मिनिटांनी."

"अहो, इकडे येऊन बघा की. तिथे नाक लावून काय दिसणार?"

मी गेलो नाही. चाळीस वर्षं मी जवळून बघितलंय. लांबून सगळ्याच भिंती चांगल्या दिसतात.

त्याची काम करायची तऱ्हा मात्र मी बघून ठेवली होती. चित्र खोलीच्या एका टोकाला तिपाईवर. हा तिथे जाऊन ब्रश एकदा टेकवायचा, मग उलटा चालत दारापर्यंत यायचा, डोळे बारीक करून बघायचा. परत चालत जायचा, एकदा टेकवायचा. परत दार. माझा कामगार असा वागला असता तर मी त्याला पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता. आमची भिंत एकच, त्यामुळे पावलं ऐकू यायची. ही भाजी निवडता निवडता सांगायची, "आज मास्तरांचं अडलंय. दारापाशीच थांबलेत केव्हाचे." आणि पावलं झपझप वाजायला लागली की म्हणायची, "सुटलं."

ते डोळे बारीक करण्यावरून त्याला तारोडीला एकदा मार पडायचा राहिला. तिथे किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात, ते काढायला गेला होता. डोळे बारीक केल्याशिवाय त्याला रंग दिसत नाहीत, आणि एक डोळा जरा जास्तच मिटतो. समोर एक कोळीण बोंबील उलटे करत होती. तिनं टोपली खाली ठेवली आणि सरळ याच्याकडे आली.

"काय रं, डोला मारतंस? माझा दादला हाय होडीवर. बोलवू काय?"

हा म्हणाला, "बोलवा, पण त्यांना डावीकडून यायला सांगा. तुमच्या मागचा पिवळा झाकला जाईल."

बाई एवढी हसली, की म्हणे नवऱ्याला खरंच बोलावून आणलं, याला दाखवायला. त्यानंतर तो तारोडीला गेला की त्यांच्याच ओट्यावर बसायचा आणि त्यांच्याकडेच जेवायचा. चित्रात ती बाई कुठे आहे म्हणून मी विचारलं तर त्यानं एक लाल फराटा दाखवला. मी म्हटलं, तिला दाखवलंत का? म्हणाला, दाखवलं. ती म्हणाली, लुगडं बरोबर हाय.

काळा रंग तो विकत घेत नसे. "काळा नसतोच, काका."

"मग एवढ्या बिल्डिंगींच्या ग्रिलला मी काय मारलं?"

"तुम्ही काळा मारलात. पण तो तिथे राहिला का? सकाळी निळा होतो, दुपारी करडा होतो."

"आणि रात्री?"

"रात्री मी बघत नाही," तो म्हणाला.

न बघता काढायचं नाही, हा त्याचा दुसरा हट्ट. चेण्याच्या बाजूला एका हॉटेलवाल्याला हिरवागार डोंगर पाहिजे होता, मोठ्या भिंतीसाठी. महिना मे. तो म्हणाला, जुलैत काढू. हॉटेलवाला म्हणाला, उद्घाटन जूनमध्ये आहे, हा घ्या फोटो, यावरून काढा. यानं फोटो बघितला, कौतुक केलं आणि परत दिला. "या फोटोच्या वेळी मी तिथे नव्हतो." हॉटेलवाल्याला वाटलं, हा त्या वेळी कुठे होता ते सांगतोय. त्यानं विचारलंसुद्धा, "फिर किधर थे?" शेवटी त्यानं वॉलपेपर चिकटवला. चांगला दिसतो. मी जाऊन बघून आलोय.

आमचं खरं भांडण झालं ते समोरच्या बिल्डिंगवरून. ती बिल्डिंग माझी. म्हणजे मालकीची नव्हे, पण तीन वेळा ती मीच रंगवली. तिसऱ्या वेळी ठेका माझ्या मुलाच्या नावावर होता, पण शेड मी निवडली. क्रीम. नुसता क्रीम नव्हे, त्यात किंचित बदामी. मास्तरनं आमच्या गच्चीवर बसून तिचं चित्र काढायला घेतलं. मी वर वाळवण आणायला गेलो तर काय, वरची भिंत नारिंगी आणि गॅलऱ्यांच्या खाली चक्क जांभळा. क्रीमचा थेंब नाही.

मी खाली गेलो, शेड कार्ड घेऊन आलो आणि चित्राला लावून दाखवलं. "हा नंबर आहे. हा मारलाय. दोन हात."

त्यानं कार्डाकडे बघितलं नाही. "काका, मूठ करा. अशी. मधून एवढंसं भोक ठेवा, आणि त्या भोकातून चौथ्या मजल्याच्या गॅलरीखाली बघा. बिल्डिंग बघू नका. भोकात काय आहे ते बघा."

मी मूठ केली. भोकात जांभूळ होतं. पिकलेलं नाही, जरा कच्चं. मी दुसरा डोळा लावून बघितलं. तेच.

"काय दिसलं?"

"माझा डोळा दुखतोय दोन दिवस," मी सांगितलं आणि वाळवण न घेताच खाली आलो. हिनं विचारलं, पापड कुठे? मी म्हटलं, अजून ओले आहेत.

त्याच दिवसांत पुढचं झालं. समोरचं काम संपत आलं होतं. मुलानं मला वर चढायची बंदी घातली होती. सत्तरी ओलांडली, गुडघा धरतो, हे सगळं मला मान्य नाही, पण त्यानं घातली होती. मी खाली खुर्ची टाकून बसायचो. बसल्या जागेवरून दिसलं, की सहाव्या मजल्यावर जिन्याच्या बाजूच्या भिंतीला कामगारानं दोन वेळा थांबून रंग मारलाय. मध्ये जोड दिसतो. मुलाला सांगितलं, तो म्हणाला, "बाबा, कुणाला दिसणार आहे?" तो फोनवर बोलायला गेटबाहेर गेला. मी त्या बिल्डिंगच्या गच्चीवर गेलो, कमरेला पट्टा बांधला, आणि झुल्यात बसून सहाव्या मजल्यापर्यंत उतरलो.

झुला म्हणजे दोराला टांगलेली फळी. त्यावर बसलं की खाली बघायचं नाही, समोर बघायचं. समोर भिंत असते. ती भिंत मी वरपासून खालपर्यंत एका दमात मारली, कुठे न थांबता, ओल्याला ओलं जोडत. मुलगा खालून ओरडत होता, "बाबा! बाबा, खाली या! अहो लोक बघतायत!" बघू देत. दीड-दोन तास लागले. खाली आलो, त्यानंतर तो आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. पण जोड दिसत नव्हता. माझं शेवटचं काम ते, असं तेव्हा वाटलं.

दीड महिन्यानं मास्तर तारोडीला तीन दिवस राहायला निघाला. जाताना किल्ली आमच्याकडे दिली. तेलरंग महिनोन्महिने ओला राहतो, आमच्याकडच्या दमट हवेत तर जास्तच. "काका, सकाळी खिडक्या उघडा, संध्याकाळी लावा. बाकी काही करू नका. पुढच्या महिन्यात प्रदर्शन आहे, ती सहा चित्रं जायची आहेत." शहरात त्याला पहिल्यांदाच चांगली जागा मिळाली होती. सहा चित्रं भिंतीला लावून ठेवली होती.

पहिल्या दिवशी खिडक्या उघडल्या आणि आलो. दुसऱ्या दिवशी जरा थांबलो. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून उजेड आडवा येत होता, आणि बिल्डिंगच्या चित्रावर, बरोबर सहाव्या मजल्याच्या भिंतीवर, मला दाणा दिसला.

बाकीचे दाणे मी सोडून दिले असते. झाडाचे होते, रस्त्याचे होते, लोकांचे होते. पण ती भिंत माझी होती. तीच, जिन्याच्या बाजूची. जिच्यासाठी मी सत्तरीनंतर झुल्यावर बसलो, तिच्यावर हरभऱ्याच्या डाळीएवढा मळकट पांढरा गोळा, सावली पाडत. असला प्रकार शहरातले लोक येऊन बघणार. मी घरी गेलो, पत्रा घेऊन आलो. बारका, खिडकीच्या फ्रेमचा. गोळा वरून सुकला होता, आत ओला होता. अलगद उचलला. मग अंगठ्यानं आजूबाजूचा रंग ओढून जागा सारखी केली. खोटं सांगत नाही, इतकं सफाईदार काम झालं की मलाच जागा सापडेना. खिडक्या लावल्या आणि आलो. हिला म्हटलंसुद्धा, "आज मास्तरचं एक काम करून टाकलं."

"काय काम?"

"आल्यावर बघेल तो."

तो दुपारी आला. हातात कागदात बांधलेले बोंबील, आमच्यासाठी. दार मीच उघडून दिलं. तो दारात उभा राहून सहाही चित्रांवर नजर टाकत गेला, डोळे बारीक करून, आणि त्या चित्रापाशी थांबला.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही कुठे गेलात?"

"मी इथेच आहे की."

"इथे नाही. तिथे." त्यानं बोंबलाच्या पुडक्यानं दाखवलं. "सहाव्या मजल्यावर होतात."

मी चित्राजवळ जाऊन नाक लावलं.

"त्या दिवशी तुम्ही झुल्यावर होतात ना? मी आपल्या गच्चीवर होतो. पाच चाळीसला लावलं होतं मी तुम्हाला."

"तिथे दाणा होता," मी म्हणालो.

"दाणा नव्हता. पाठ होती तुमची."

मी बोंबील घेतले आणि घरी आलो.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. मीही ओरडलो असतो. पण पावलंसुद्धा वाजेनात. ही म्हणाली, "दारापाशीच आहेत अजून." मग मी तिला काय झालं ते सांगितलं. ती आधी हसली. मग हसायची थांबली. "जाऊन माफी मागा."

"कशाबद्दल? मला काय माहीत तो मी होतो!"

"म्हणून तर मागा."

मी गेलो नाही. पण जेवण गेलं नाही. बिल्डिंगवर बिल्डरचं नाव असतं, सोसायटीचं असतं, आर्किटेक्टचं कोनशिलेवर असतं. ज्यानं दोरावर बसून ती वरपासून खालपर्यंत हातानं चोपडली, त्याचं कुठेच नसतं. असावं असं मला कधी वाटलंही नव्हतं. पण एका माणसानं मला तिथे लावलं होतं, न सांगता, आणि ते शहरात जाऊन लोकांसमोर लागणार होतं. आणि मी ते स्वतःच्या हातानं, स्वतःच्या पत्र्यानं खरवडून, वर अंगठा फिरवून साफ केलं होतं. चांगलं काम केलं म्हणून खूशही झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दारात गेलो. माफी मागायला नाही. "परत लावा ना. एक ठिपका तर आहे."

"कसा लावू? आता तुम्ही तिथे नाही."

"लक्षात असेल की तुमच्या!"

"लक्षात आहे तो तुम्ही नाही, काका. तो मला आठवतो तो."

याच्यावर माणसानं काय करावं? मी मुलाकडे गेलो. त्याला म्हटलं, सहाव्या मजल्यावर पॅच राहिलाय, झुला बांध. तो जाऊन जिन्याच्या खिडकीतून डोकावून आला. "कुठेय पॅच?"

"जवळून दिसत नाही. लांबून दिसतो."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. हे वाक्य माझ्या तोंडून त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं. मग मी समोरच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पकडलं. बँकेतून रिटायर झालेले, नीटनेटके गृहस्थ. त्यांना आमच्या गेटपाशी उभं केलं, म्हटलं, "डोळे बारीक करा. दिसला पॅच?" त्यांनी डोळे बारीक केले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. म्हणाले, "हो हो, टेक्निकली दिसतोय." आणि मुलाला फोन केला की, काम गॅरंटीत आहे, करून द्या. मुलगा म्हणाला, माणूस पाठवतो. मी म्हटलं, माणूस म्हणजे मीच. यावर घरात जे झालं ते लिहीत नाही. शेवटी दोन पट्टे, दोन दोर आणि वर गच्चीवर मुलगा स्वतः, अशा अटीवर तह झाला. त्याला खरं कारण मी सांगितलं नाही. बहुतेक हिनं सांगितलं असावं, कारण दोर बांधताना तो शांत होता.

मास्तरला मी फक्त एवढंच म्हटलं, "उद्या पाच चाळीसला गच्चीवर या."

वर पोचलो, सहाव्या मजल्यापर्यंत उतरलो. बादलीत नुसतं पाणी होतं. भिंत चांगली होती, तिला रंगाची गरज नव्हती. मी नुसता ब्रश वर-खाली करत बसलो. पाठ ताठ ठेवली होती, चित्रात चांगली यावी म्हणून. अर्धा तास गेला असेल. मग आमच्या गच्चीवरून मास्तरचा आवाज आला. हा माणूस कधी मोठ्यानं बोलायचा नाही, पण आला.

"काका! तुम्ही काम करत नाही आहात!"

"करतोय की!" मी मान न वळवता ओरडलो.

"नाही! तुम्ही बसलाय नुसते! त्या दिवशी असे नव्हता!"

दोन बिल्डिंगींच्या गॅलऱ्यांत लोक येऊन उभे राहिले. एवढ्या लोकांसमोर, सहाव्या मजल्यावर लटकत असताना, मला कुणी कामचुकार म्हणालं नव्हतं. माझं डोकं फिरलं. वर मुलाला ओरडून सांगितलं, "डबा सोड खाली! भरलेला!"

"बाबा, भिंत चांगली आहे ना पण!"

"डबा सोड!"

त्यानं दोरीनं डबा सोडला. आणि मी ती भिंत परत मारली. वरपासून खालपर्यंत, न थांबता. पहिल्या दोन फुटांपर्यंत राग होता. मग राग गेला, मग मास्तर गेला, मग गॅलरीतले लोक गेले. हात वर जायचा, खाली यायचा. रंग ओला असताना त्याला एक चकाकी असते, ती मी चुकू दिली नाही. खाली पाय टेकले तेव्हा पार संधिप्रकाश झाला होता आणि मला पट्टा सोडायला बोटं वळेनात. मुलानं सोडला. पाण्याची बाटली दिली.

आमच्या मजल्यावर आलो तर मास्तर तिपाई मिटून जिन्यात उभा.

"लावलं?"

"लावलं."

"किती वेळ लागला?"

"एकदा टेकवला ब्रश."

"मी तिकडे दोन तास मरतोय, आणि तुम्ही एकदा टेकवला?"

"बघायला वेळ लागतो, काका," तो म्हणाला.

चित्र प्रदर्शनात गेलं. पहिल्याच दिवशी कुणीतरी विकत नेलं. कोण होतं ते मास्तरला विचारलं तर म्हणाला, एक बाई होत्या, त्यांना वरचा नारिंगी आवडला. मी तिथे गेलो नव्हतो. कुणाच्या तरी हॉलमध्ये मी सहाव्या मजल्यावर आहे आणि त्यांना बहुतेक माहीतही नाही. चालायचंच.

वर्षभरात मास्तर निघून गेला. आमच्या मागे पश्चिमेला बावीस मजली टॉवर उभा राहिला आणि समोरच्या भिंतीवर संध्याकाळचं ऊन पडायचं थांबलं. त्यानं घरमालकाला कळवलं, "इथली लाइट गेली, जागा सोडतोय." घरमालक दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियन घेऊन हजर. मीटर तपासला, फ्यूज तपासले. "अरे भाई, लाइट तो है!" मास्तर खुर्चीवर चढून त्याला खिडकीतून समोरची भिंत दाखवत होता. इलेक्ट्रिशियनला पटलं, असं त्याच्या तोंडावरून वाटलं. घरमालकाला पटलं नाही. मास्तर आता चेण्याकडे कुठेतरी राहतो म्हणतात. जाताना मला तो 'येतो' म्हणाला, मी 'या' म्हटलं. ही रडली. मी कशाला रडू?

एक मात्र झालं. त्या दिवशी मुलानं सोडलेला डबा नंबरानं तोच होता, पण दुकानातून नव्यानं मिसळून आणलेला. मशीनवर मिसळला तरी प्रत्येक वेळी एक केसभर फरक पडतो. सुकल्यावर तो दिसायला लागला. जिन्याच्या बाजूला, सहाव्या मजल्यापासून खालपर्यंत, एक सरळ पट्टा, आजूबाजूपेक्षा अर्धी शेड गडद. टॉवरच्या सावलीत तर जास्तच दिसतो. गेटवरून दिसतो, रस्त्याच्या पलीकडच्या रिक्षा स्टँडवरून दिसतो. आमच्या धंद्यात याच्याएवढी नामुष्कीची गोष्ट नाही.

मुलगा तीनदा म्हणाला, बाबा, माणूस पाठवून एका दिवसात झाकून टाकतो. मी हो म्हटलं नाही. गेल्या आठवड्यात सेक्रेटरी गेटपाशी भेटले. वर बघून म्हणाले, "काका, तो पट्टा तुमचाच ना हो?"

"माझाच."

"मग कधी काढताय?"

"मी असेपर्यंत नाही," मी म्हणालो, आणि त्यांना नीट दिसावा म्हणून जरा बाजूला झालो.